गोळीमामा

आमच्या गल्लीत खोकायची चोरी होती. कुणाला नुसता मिरचीचा ठसका लागला, तरी तो माणूस आधी कोपऱ्यावरच्या निळ्या गेटाकडे बघायचा आणि मग तोंडावर टॉवेल दाबून खोकायचा. त्या गेटाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझे घरमालक बसलेले असायचे. त्यांच्या कानावर खोकला पडला, की तो खोकणारा त्यांचा झाला.

गल्ली त्यांना पाठीमागे गोळीमामा म्हणायची, समोर नुसतं मामा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. अंगात कायम वर्कशॉपचा निळा शर्ट, धुऊन धुऊन पांढुरका पडलेला. मान जरा पुढे काढून, कान देऊन चालायची सवय. चाकाला हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखण्यात जन्म गेला, असं ते सांगायचे. हातोडी सुटली तरी खोड सुटली नव्हती. बोलता बोलता समोरच्याला वळवायचे आणि त्याच्या पाठीवर दोन बोटं टकटक वाजवायचे. "चांगला हायेस. जा," असं म्हणाले की माणूस सुटला.

मी करमाळा तालुक्यातली. सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली आणि खोली बघत फिरताना त्यांच्या दारात आले. माझं नाव, गाव, पगार, मटण शिजवतेस का, लग्न कधी करणार, असलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही.

"त्यो जिना चढ आन् उतर," म्हणाले.

मी चढले, उतरले. मला धाप लागली. खाली येऊन भिंतीला हात टेकला.

"खोली मिळंल," ते म्हणाले. "पर उद्या माझ्यासंगं दवाखान्यात याचं."

गावाकडे चुलत्यांनी 'कुठल्या वस्तीत खोली घेतलीस' एवढंच विचारलं. त्या प्रश्नात काय काय होतं ते मला कळत होतं. मामांचं घर बौद्ध वस्तीत होतं आणि हॉलमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. मी चुलत्यांना म्हणाले, खोलीत उजेड चांगला येतो. ते खरंही होतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, हा मामांचा भाडेकरूंसाठी पहिला नियम होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात झळा आत आल्या तरी बेहत्तर.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात त्यांनी माझा बेडका तपासायला दिला, एक्स-रे काढायला लावला. दोन्ही स्वच्छ निघाले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, दमा आहे, लहानपणापासून असणार, पंप घ्यावा लागेल.

मामांचा चेहरा पडला. परत येताना रिक्षात ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मीच त्यांची निराशा केली. "टीबी आसती तर सा महिन्यात तुला ठणठणीत करून सोडली आसती की," ते म्हणाले. "ह्या दम्याला सुरवात न्हाय, शेवट न्हाय. जल्मभराचा पावना."

पंपाची मला लाज वाटायची. आमच्याकडे पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, असं सगळे मानायचे. त्यात मी लग्नाची मुलगी. मी तो उशीखाली लपवायचे आणि मुद्दाम विसरून ऑफिसला जायचे. एकदा मामा भर दुपारी सिटी बसनं कॉलेजात आले, ऑफिसच्या दारात उभे राहिले आणि पंप झेंड्यासारखा वर धरून ओरडले, "हे इसरलीस! आन् दम लागल्यावर कुणाच्या नावानं बोंबलणार हायेस?" सगळी टेबलं माझ्याकडे वळली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मात्र अकाउंट्समधल्या बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला पण आहे गं. माझ्या सासूला माहीत नाही." मग आम्ही दोघी स्टोअररूममध्ये उभ्या राहून एकत्र पंप मारायला लागलो. मामांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांनाच ठसका लागला आणि ठसका लागताच एकदम गप्प झाले.

सकाळी गेटावर त्यांचा दरबार भरायचा. आरोग्य केंद्रानं भागातल्या टीबीच्या पेशंटांना समोर उभं करून गोळ्या खायला घालायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. दिलं होतं म्हणण्यापेक्षा त्यांनी ते मागून, भांडून घेतलं होतं. यंत्रमागावरून रात्रपाळी संपवून आलेली, कानात अजून खडखडाट घेऊन आलेली माणसं, विड्या वळणाऱ्या बायका, एक हमाल. सगळे उपाशीपोटी. मामा स्टीलच्या जगमधून पाणी ओतायचे. सोलापुरात नळाला पाणी दिवसाआड सोडा, चार-पाच दिवसांनी येतं. पण गेटावरच्या माठातलं पाणी त्यांनी कधी आटू दिलं नाही. गोळी गिळली की ते पेशंटला सोडत नसत. "म्हन," म्हणायचे. मग पेशंटनं कुर्डुवाडीपासूनची स्टेशनं म्हणायची. माढा, अनगर, मोहोळ, पाकणी, बाळे, सोलापूर. गोळी गालात दडवलेली असली की माणूस मोहोळपर्यंत पोचत नाही, असा त्यांचा अनुभव होता. विडी वळणारी एक तेलुगू बाई होती. तिला मराठी धड येत नव्हतं, पण ही स्टेशनं ती मंगळाष्टकांसारखी म्हणायची. बरी झाल्यावर ती एकदा नवऱ्याला घेऊन मुद्दाम पॅसेंजरनं कुर्डुवाडीला जाऊन आली. सगळी स्टेशनं खरंच आहेत का, ते बघायला.

यंत्रमागावरच्या एका माणसाला पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली. तो घाबरून पळाला तो थेट कुंभारीला, मेहुण्याकडे. मामा दुसऱ्या दिवशी बस पकडून कुंभारीला गेले. तिथल्या कामगारांच्या घरांत त्यांना पत्ता सापडेना, तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ज्याची लघवी लाल झालीय त्यानं भाईर यावं!" पोरं हसायला लागली, बाया आत पळाल्या आणि तो माणूस मेहुण्याच्या घरातून मान खाली घालून बाहेर आला. "आरं, लाल झाली म्हंजी गोळी कामावर हजर झाली," मामा त्याला म्हणाले. "पांडरी व्हायला लागली की मग भे."

खोकल्याबद्दल ते म्हणायचे, "ह्यो पावना न्हाय, भाडेकरू हाय. पंदरा दिस राहिला की मग काढायला कोर्टात जावं लागतं." आणि नव्या पेशंटाला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवायचे: "औषद आन् लगीन, अर्ध्यात सोडायचं नसतं."

लोक त्यांना लग्नाला बोलवायला कचरायचे. कारण ते जेवणाच्या पंगतीतही कान देऊन बसायचे. खुद्द त्यांच्या मुलीच्या, सुजाताच्या लग्नात त्यांनी जे केलं ते गल्लीत अजून सांगतात. हार घालून झाले, वरबाप पाहुण्यांशी बोलता बोलता खोकला. मामा उठले, व्याह्याला बाजूला घेतलं आणि पाठीवर टकटक केलं. मग म्हणाले, "किती दिस झालं? बेडका तपासला का?" मांडवात दोन्हीकडची माणसं बघत होती. व्याही तंबाखूमुळे खोकत होता, दुसरं काही नव्हतं. पण सुजाता त्या दिवशी हार घातलेल्या गळ्यानं रडली, आणि निघताना बापाच्या पाया पडली तेव्हा म्हणाली, "पप्पा, आता माझ्या सासरी तरी येऊन हे करू नका." मला हे तिनंच नंतर सांगितलं.

म्हणून करमाळ्याला सासरी तिला खोकला सुरू झाला तेव्हा तिनं बापाला कळू दिलं नाही.

तिचा नवरा मार्केट यार्डात एका आडत्याकडे कामाला होता. चांगला माणूस होता, पण घरात शब्द आईचा. त्यांना एक मुलगी, नुकती बोलायला लागलेली. मामा दर रविवारी फोन करायचे आणि बोलता बोलता फोन कट व्हायचा. "करमाळ्यात रेंजचा लई घोटाळा हाय," ते मला म्हणायचे. "तुमच्या भागात टावर का बसवत न्हाईत?" रेंज चांगली होती. खोकल्याची उबळ आली की ती फोन कट करायची.

सासरच्यांनी तिला खाजगी डॉक्टरकडे नेलं. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दुकानातून आणायच्या. कधी आणल्या, कधी राहिल्या. सासू म्हणाली, ह्या गोळ्यांनी पोरीचं दूध आटलं. बंद केल्या. पुन्हा रक्त पडलं, पुन्हा सुरू केल्या. हे असं किती चाललं ते तिलाही नीट सांगता यायचं नाही.

एका दुपारी ती रिक्षातून आमच्या गेटाशी उतरली. मामा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांनी आधी खोकला ऐकला. सवयीनं उठून उभे राहिले, गेटाकडे निघाले, आणि मग खोकणारी कोण आहे ते त्यांना दिसलं.

तपासणीत कळलं की साध्या गोळ्यांना तिचा टीबी आता जुमानत नाही. दुसऱ्या, जास्त कडक गोळ्या घ्याव्या लागतील, दीड वर्ष तरी, आणि त्यांचे त्रास होतील, असं डॉक्टरांनी बसवून समजावून सांगितलं. एका कॅप्सूलनं कातडी काळवंडते. दुसरी एक कधी कधी डोक्यावर परिणाम करते. वागण्यात फरक वाटला तर लगेच सांगा. मामा मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण मला आठवतं, थोडी ईर्षाही होती. लोकांची पोरं बरी केली, आता स्वतःची पोर बरी करून दाखवतो, अशी.

पहिले काही महिने ते खरंच तसे वागले. वरच्या मजल्यावरची माझ्या शेजारची खोली तिला दिली, सगळ्या खिडक्या उघड्या. अंडी, मटकी, शेंगदाण्याची पोळी. ओंजळभर गोळ्या ते ताटलीत मांडायचे आणि एकेक तिच्या हातावर ठेवायचे. ती ओकायची. ते ओकलेलं पुसायचे आणि म्हणायचे, "हां, आता परत." ती माझ्याच वयाची. संध्याकाळी गच्चीवर अंतर ठेवून, तोंडाला मास्क लावून आम्ही बोलत बसायचो. मुलीचे फोटो दाखवायची. मुलीला सासूनं ठेवून घेतलं होतं, आणि ते बरोबरच होतं, असं ती स्वतःच म्हणायची.

मग रंग बदलायला लागला. गव्हाळ, उजळ मुलगी ती. आधी गालांवर तपकिरी डाग, मग सगळा चेहरा, हात, तळवे लालसर काळे होत गेले, चुलीत राहिलेल्या भाकरीसारखे. नवरा भेटायला आला तो दारातच थबकला. चहा न घेता गेला. पुढच्या वेळी फोनवर म्हणाला, यार्डात तुरीची आवक लई आहे. नंतर आवक संपली तरी आला नाही.

वागण्यातला फरक आधी माझ्या लक्षात आला. गच्चीवर ती बोलायची बंद झाली. भिंतीकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "खाली लोक माझ्याबद्दल बोलतात. ऐकू येतं मला." खाली कुणी नव्हतं. मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी आठवतीया तिला. दुसरं काय." दवाखान्यात पुढच्या तारखेला जायचंच होतं. मग तिनं त्यांच्या हातून गोळ्या घ्यायचं सोडलं. माझ्या हातून घ्यायची. मी ऑफिसला जायच्या आधी ताटली घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि मामा दाराच्या आड उभे राहायचे, श्वास रोखून, तिला सावली दिसणार नाही असे.

त्या सकाळी गेटावर नेहमीची माणसं होती. मामा पाणी ओतत होते. सुजाता जिना उतरून व्हरांड्यात आली. केस मोकळे, पायांत काही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारणीला भाजीचा भाव सांगावा, इतक्या शांतपणे ती बोलली.

"ह्यांच्या हातचं खाऊ नका. ह्यांनी माझ्या आईला मारलंय. कुर्डुवाडीला, क्वार्टरमध्ये. ती गोळ्या खायची, बरी होत होती. पोटात आग व्हायची म्हणून रडायची. तर हे म्हणाले, आता बरी हायेस की, कशाला पोटात जाळ घालतीस, कर बंद. बंद केल्या. आई मेली. मी पलंगाखाली बसले होते, मी ऐकलंय. आता माझ्या चालू केल्यात. बंद करूनपण मारतात, चालू करूनपण मारतात."

यंत्रमागवाल्याच्या तळहातावर गोळी तशीच होती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की मामांची बायको टीबीनं गेली. कशी गेली ते कुणाला माहीत नव्हतं.

मामांनी जग खाली ठेवला. मला वाटलं ते तिला काही म्हणतील. ते पेशंटांकडे वळले आणि म्हणाले, "घ्या. पानी घ्या. उशीर व्हतोय तुमास्नी." सगळ्यांनी गिळल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाला स्टेशनं म्हणायला लावली नाहीत.

डॉक्टरांनी डोक्यावर परिणाम करणारी ती कॅप्सूल लगेच बंद केली. मामांना समजावलं की हे सगळं औषधानं बोलवलंय, मुलीचं मन नाही त्यात, मनाला लावून घेऊ नका. ते हो हो म्हणाले. परत येताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि मला म्हणाले, "गोळीनं डोसकं फिरलं, खरं हाय. पर कुर्डुवाडीत काय झालं, ते गोळीला कसं कळलं?"

मी म्हणाले, "तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, मामा."

"व्हतं की," ते म्हणाले. "डाक्टरनं सांगितलं व्हतं, बंद करू नका. मला तिचं रडणं बघवंना, म्हून म्हनलं."

काही दिवसांत सुजाता भानावर आली. हसायला लागली, मला ऑफिसच्या गोष्टी विचारायला लागली. गेटावर काय बोलली त्यातलं तिला काहीही आठवत नव्हतं, आणि कुणी तिला सांगितलं नाही. मामांनी मात्र आरोग्य केंद्रात जाऊन सांगितलं, माझ्याकडचे पेशंट दुसऱ्या कुणाला द्या. सुजाता विचारायची, "पप्पा गेटावर का बसत नाहीत?" मी म्हणायचे, थकलेत. हे तर खोटं नव्हतं. खुर्ची त्यांनी घरात आणून ठेवली. गल्लीतले लोक आता मोकळेपणानं खोकायचे, आणि ते मान वर करत नसत.

उरलेल्या गोळ्या तिला लागू पडत होत्या. बेडका स्वच्छ यायला लागला. तुमच्यापासून आता कुणाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले, पण कोर्स पुरा व्हायलाच हवा. त्या आनंदात तिनं मुलीला बघायला जायचं ठरवलं. मलाही गावी जायचं होतं, म्हणून आम्ही तिघं एसटीनं करमाळ्याला गेलो. वाटेत तिनं टेंभुर्णीला उतरून मुलीसाठी बांगड्या घेतल्या.

सासूनं दार उघडलं, आत बसा म्हणाली. वाईट काही बोलली नाही. चहा आला तो कागदी कपांत. नवरा उभाच होता. मुलगी आजीच्या पदराआडून बघत होती.

"ये की," सुजाता म्हणाली. "आई हाय मी."

मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग आजीला म्हणाली, "ही आई नाय. आई गोरी हाय."

सुजाता हसली. बांगड्या जमिनीवर ठेवून पुढे सरकवल्या. मुलीनं त्या घेतल्या नाहीत. नवरा म्हणाला, "अजून जरा बरं वाटू दे. मग बघू की."

माझं गाव बाजूला राहिलं, मी त्यांच्याबरोबरच परत फिरले. एसटीत ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "पप्पा, हा रंग जाईल ना?"

"जाईल. डाक्टर म्हनलं न्हाईत का? गोळी बंद झाली की हळूहळू जातो."

"मग बंद करू?"

मी मामांकडे बघितलं. एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी आजवर किती जणांना फैलावर घेतलं होतं. आत्ता ते काहीतरी बोलणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"डाक्टरास्नी इचारू," ते म्हणाले.

"डॉक्टर नाहीच म्हणणार."

ते गप्प बसले. तिनं त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

मी तिला परोपरीनं सांगितलं. रंगवाली एकच कॅप्सूल आहे, डॉक्टरांना विचारून तीच बदलता येते का बघू, बाकीच्या सोडू नकोस. आरोग्य केंद्रातली ताई घरी आली, डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. ती चार दिवस घ्यायची, मग ताटली तशीच राहायची. तिला सगळ्याच गोळ्यांचा राग आला होता. सकाळी आरसा घेऊन उजेडात बसायची. "बघ गं, गालावर उजळलंय ना?" विचारायची. उजळत होतं, थोडं थोडं. तिच्या अंगात नवं बळ आल्यासारखं झालं होतं. मुलीला फोनवर म्हणायची, "दिवाळीला येते बरं का."

मामा ताटली मांडायचे, तिच्या खोलीच्या दारात ठेवायचे आणि खाली निघून जायचे. मी एकदा चिडून त्यांना म्हणाले, "अख्ख्या गल्लीला धरून खायला घातल्यात तुम्ही. कुंभारीपर्यंत गेलात. हिला का नाही सांगत?"

"सांगायला तोंड लागतं गं," ते म्हणाले. "माझं त्या दिवशीच गेलं."

"तिला ते आठवतसुद्धा नाही."

"मला आठवतं की."

दिवाळीच्या आधी खोकला परत आला. पुन्हा गोळ्या सुरू करायला ती आता तयार होती, हट्टानं तयार होती. पण त्यांतल्या काही लागू पडत नव्हत्या आणि अंगात त्या पेलायची ताकद उरली नव्हती. दवाखान्यात ऑक्सिजनवर असताना ती मला म्हणाली, माझा चेहरा पुसून दे. मी पुसला. मामा कॉटच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होते. तिनं त्यांना म्हटलं, "पप्पा, तुम्ही काय कमी केलं नाही माझं." ते उठून बाहेर गेले. ते बाहेर असतानाच ती गेली.

ती गेल्यावरच्या जलदान विधीला सासरची माणसं जीप करून आली. दाराशी मंडप होता, भंतेजींनी वंदना घेतली. सुजाताचा फोटो ठेवला होता तो लग्नाच्या आधीचा. मुलगी आजीचं बोट सोडून फोटोसमोर गेली आणि तिथं बसलेल्या बायांना सांगायला लागली, "ही माजी आई." एकेकीकडे बघून सांगत होती. बाया पदराआड रडत होत्या.

मामांनी मास्क लावला होता. इतके दिवस सुजाताजवळ राहिलेला माणूस, म्हणून असेल, नातीला त्यांनी उचलून घेतलं नाही. लांबून बघत राहिले. जेवणं झाली, माणसं निघाली, तेव्हा ते जावयाजवळ गेले. किती महिन्यांनी मी त्यांना असं कुणाजवळ चालत जाताना बघत होते.

"पोरीला तपासून घ्या," ते म्हणाले. "हात जोडतो. फोटो काढून घ्या छातीचा. येका घरात व्हती."

जावई काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "तपासलीय तिला. तवाच तपासलीय. तुमी आता आमच्या लेकराच्या मागं लागू नका."

"कुटं तपासली?"

"तपासलीय म्हनलं की."

जावई बापड्यासारखा खाली बघत होता. मुलीला जीपमध्ये बसवलं, दार लावलं. जीप वळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मामा रस्त्यात उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"खरं बोलली आसंल का गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "कसं माहीत आसंल!"

मंडपवाला बांबू सोडायला आला होता, त्याला सांगायला म्हणून मी आत गेले. परत बाहेर आले तेव्हा ऊन रस्त्यावर पसरलं होतं आणि ते तिथंच उभे होते, मास्क हनुवटीवर ओढून, जीप गेली त्या बाजूला तोंड करून.